फवाऱ्याची गाडी आणि पाठीवरचा पंप

(मालेगाव येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी बैठक सुरू होण्याआधी माळमाथ्याकडच्या तीन-चार तरुणांनी आम्हांला बाजूला घेतले आणि मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला शेतकरी. चार जाड चाकांच्या फटफटीवर ऐटीत बसलेला. मागे टाकी, टाकीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या दांड्या, दांड्यांना तोट्या. बटण दाबले की फवारा सुरू. अंगावर थेंब नाही, पाठीवर ओझे नाही, पाय चिखलात नाहीत. पोरांनी विचारले, "साहेब, ही गाडी आपल्याकडे कधी येणार?"

साहेब म्हणू नका, ते आम्ही नोकरीबरोबर सोडून आलो. पण प्रश्न चांगला आहे. आज भावावर बोलायचे ठरले होते. भावावर इथे बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही या गाडीवरच बोलतो, कारण तिचे उत्तर शोधता शोधता आपण आपल्याच घराच्या पडवीत टांगलेल्या पंपापाशी येऊन पोचणार आहोत.

आधी ही गाडी उघडून पाहू. पुढचा भाग वाहन. ते सोडून द्या. मागे प्लास्टिकची टाकी, गाळणी, गाडीच्या बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची मोटार, त्या मोटारीने हलणारा रबरी पडदा, तो पाण्याला दाब देतो, मग नळी आणि तोट्या. आता घरी जाऊन तुमचा चार्जिंगचा पंप खालून उघडा. आत काय आहे? १२ व्होल्टची बॅटरी, तसलीच मोटार, तसलाच पडदा, लहान आकाराचा. म्हणजे त्या गाडीची निम्मी यंत्रणा तुमच्या घरात आधीच आहे. फरक एवढाच, की तिथे तिला चाके आहेत आणि इथे तिला तुम्ही आहात. किंवा तुमचा सालदार आहे.

त्या देशांत ही गाडी कुठे चालते? मोठाली कुरणे, कुंपणाच्या कडा, मोकळ्या रानातले तण. खाली गवत, वर आभाळ. गाडी अडायला काही नाही. आपल्याकडे कपाशीच्या ओळी तीन-चार फुटांवर. पहिला महिना-दीड महिना चाक ओळीमधून जाईल. पुढे फांद्या एकमेकींत शिरतात. मग कुठलीही गाडी, परदेशातली असो की आपला छोटा ट्रॅक्टर असो, पात्या आणि बोंडे मोडल्याशिवाय आत जात नाही. आणि फवारणीची खरी गरज तर तेव्हाच सुरू होते. पहिल्या महिन्यातले तुडतुडे आणि मावा बीजप्रक्रियेने आणि पाच टक्के निंबोळी अर्काने पुष्कळसे आवरतात. तेव्हा गाडी दारात उभी, पण काम नाही. बोंडे लागली की काम आहे, पण गाडी आत जात नाही. हे गणित आधी मांडा, मग कर्जाचा कागद हातात घ्या.

याचा अर्थ चाकावरचा फवारा आपल्याला नकोच असा नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी नावाच्या कारागिराने १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलला मागे अवजाराची चौकट जोडून कोळपणी-पेरणीचे यंत्र केले. बैल परवडेनात आणि ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नाही, या पेचातून ते निघाले. त्याच माणसाने सायकलवर बसवायचा फवाराही केला. चाक फिरेल तसा पंप हलतो. डिझेल नाही, बॅटरी नाही. आपल्या तरुणांनी पाहायचेच असेल तर त्या परदेशी फटफटीआधी हे पाहावे. आणि ज्या मालेगावात लाखांवर यंत्रमाग चालतात, तिथल्या मिस्त्रीला असली चौकट जोडून देणे अवघड जाईल असे आम्हांला वाटत नाही.

चाकावरच्या फवाऱ्याचे आपल्या रानातले खरे काम एकच, पेरणीनंतर उगवणीआधीचे तणनाशक. कपाशी पेरल्यावर दोन दिवसांच्या आत, जमिनीत ओल असताना पेंडीमिथॅलीन. ज्वारीत उगवणीआधी ॲट्राझीन. पण ज्वारीत तूर किंवा मूग घेतला असेल तर ॲट्राझीनला हात लावू नका, कडधान्य जळून जाईल. त्या दिवसांत रान मोकळे असते, वेळ थोडा असतो आणि सगळ्या गावाला एकाच आठवड्यात फवारायचे असते. तिथे ट्रॅक्टरमागचा दांडीचा फवारा दिवसाला जेवढे रान करील तेवढे पाठीवरच्या पंपाने होणार नाही. म्हणून घ्यायचाच असेल तर दहा-बारा घरांनी मिळून एक घ्या, एकट्याने घेऊ नका.

घेताना रंग पाहू नका. दांडीवरच्या तोट्या एकमेकींपासून दीड-पावणेदोन फुटांवर आहेत का पाहा. दांडीची उंची कमी-जास्त करता येते का पाहा, कारण जमिनीपासून किंवा पिकापासून ती साधारण तेवढीच वर ठेवायची असते. दाब दाखवणारे घड्याळ हवे. गाळणी हाताने काढता-घालता आली पाहिजे. सुटे भाग मालेगावात मिळतात की नाशिकला जावे लागते हे विचारा. नाशिकला जावे लागत असेल तर नको म्हणा, ऐन आठवड्यात वायसर गेला तर फवारा शोभेला उभा राहील. आणि वजनाचा हिशेब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, आणि तेही हलणारे. उतारावर वळताना पाणी एका अंगाला जाते आणि गाडीला ओढते. परदेशातल्या त्या फटफट्या उलटतात त्याचे हे एक कारण आहे. आपल्याकडे मोटारसायकलला किंवा छोट्या ट्रॅक्टरला पिंप बांधणाऱ्यांनी हे विसरू नये.

ड्रोनचेही विचारतात. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने बचत गटांतल्या बहिणींना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. उंच पिकात माणूस शिरत नाही ही त्याची मोठी सोय. पण तो एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यातच काम उरकतो, म्हणजे पाण्यातले औषध कितीतरी कडक असते. वारा असेल तर ते शेजारच्या कडब्यावर आणि विहिरीवर जाते. गावात आला तर आधी त्याच्या चालकाला वारा विचारा, भाडे मागाहून.

आता पडवीतल्या पंपाकडे येऊ. कारण खरे सांगायचे तर या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या रानात पुढची दहा वर्षेही फवारणी पाठीवरच होणार आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तुम्ही वाचले आहे. पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने एकामागून एक दवाखान्यात आले. शेकडो भरती झाले, वीसच्या आसपास माणसे त्या एका जिल्ह्यात गेली. सरकारने तपास पथक नेमले, पाच कीडनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. कारणे पुष्कळ पुढे आली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या छातीच्या वर गेलेली, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, अंगावर बनियन, आणि हातात बारीक तुषार उडवणारे नवे चार्जिंगचे पंप. उंच पिकात पुढे नळी धरून चालणारा माणूस स्वतःच उडवलेल्या धुक्यात शिरत होता आणि ओल्या पानांतून अंग घासत पुढे जात होता.

यात आमचाही वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही कृषी पदवी घेऊन नोकरीत होतो तेव्हा घडीपत्रिका वाटायचो. त्यावर लिहिलेले असायचे, "पॉवर पंपासाठी औषधाचे प्रमाण तिप्पट घ्यावे." वाक्य चूक नव्हते. पेट्रोलवर चालणारा, हवेच्या झोताने फवारणारा पंप एकरी पाणी तिसऱ्या हिश्शाने वापरतो, म्हणून दर टाकीला औषध तिप्पट पडते आणि एकराला तेवढेच पोचते. पण आम्ही कारण लिहिले नाही, फक्त तिप्पट लिहिले. पुढे चार्जिंगचे पंप आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाताने दांडा मारायचा नसेल तो पॉवर पंप. त्याने त्यातही तिप्पट घातले. चार्जिंगच्या पंपाला पाणी मात्र हातपंपाएवढेच लागते. म्हणजे एकरी औषध तिप्पट, पैसे तिप्पट, आणि पाठीवरून गळणारे पाणीही तिप्पट विषारी. आम्ही ही चूक रानात पाहिली तेव्हा आमच्याच पत्रिकेचा कागद दुकानाच्या भिंतीला चिकटवलेला होता.

म्हणून आज एवढे डोक्यात घेऊन जा. औषध पंपाला नसते, एकराला असते. आपण विचारतो, "पंपाला किती टाकू?" दुकानदार सांगतो, "एक झाकण." कोणाचा पंप, कसली तोटी, चाल कशी, कोणी विचारत नाही.

हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे साधारण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. एवढे रान दोरीने आखा. पंपात नुसते पाणी मोजून घाला. नेहमी चालता तसे चालत, नेहमी फवारता तसे ते फवारा. मग टाकीत उरलेले पाणी मोजा. समजा दीड लिटर गेले. दीड गुणिले ४० म्हणजे एकरी ६० लिटर. टाकी १६ लिटरची असली तरी १५ भरतो असे धरा, म्हणजे चार पंप. समजा औषधाच्या पत्रकावर हेक्टरी ५०० मिली लिहिले आहे. हेक्टर म्हणजे अडीच एकर, तेव्हा एकराला २००. चार पंप, तर पंपाला ५०. झाले. पीक वाढेल तसे पाणी वाढेल, म्हणून गुडघ्याएवढ्या कपाशीत एकदा आणि कमरेएवढ्या कपाशीत पुन्हा एकदा मोजा.

आता तोटी झिजली असे धरा. पितळी तोटी लवकर झिजते, पोलादी जास्त टिकते, चिनी मातीची सर्वांत जास्त. झिजलेली तोटी डोळ्यांना दिसत नाही, फवारा उलट जोरदार वाटतो आणि माणूस खूष होतो. त्याच गुंठ्याला आता सव्वादोन लिटर गेले. एकरी ९० लिटर, म्हणजे सहा पंप. सवय मात्र पंपाला ५० ची. २०० च्या जागी ३०० मिली गेले. एक तोटी बदलायची टाळून आपण दर एकराला निम्मे औषध जास्त विकत घेतो आणि अंगावर झेलतो. नवी तोटी आणली की पहिल्याच दिवशी एका मिनिटात ती किती पाणी देते ते मापाने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. पुढे त्याच्या दहावा हिस्सा जास्त देऊ लागली की फेकून द्या. तुंबली तर तोंडाने फुंकू नका. हे सांगताना आम्हांला दर सभेत कोणीतरी हसून शेजाऱ्याकडे बोट दाखवताना दिसतो. तारही घालू नका, भोक मोठे होते. दात घासायचा जुना ब्रश वेगळा ठेवा.

कीडनाशकाला गोल, पोकळ फवारा देणारी तोटी आणि तणनाशकाला पंख्यासारखा चपटा फवारा देणारी. ज्वारीच्या आणि मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी २०१८ पासून आली आहे, तिथे शेंड्यावरून धुके उडवून उपयोग नाही, औषध पोंग्यात उतरले पाहिजे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिच्यावर वरून कितीही फवारा, ती आतच राहते. तिला कामगंध सापळे आणि वेळेवर उपटलेली कपाशी लागते. फरदड ठेवून पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. कडब्यावर औषध गेले असेल तर पत्रकावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत तो जनावरांपुढे टाकू नका.

आता कपाशी आणि ज्वारी दोन्ही करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आम्ही नोकरीत नवे होतो. एका आबांच्या ज्वारीत रुंद पानांचे तण माजले होते. आम्ही टू-फोर-डी सुचवले. ज्वारी साफ झाली, आबा खूष. आम्ही म्हटले, पंप धुऊन ठेवा. त्यांच्या मुलाने दोनदा पाणी घालून हलवून ओतून दिले. आठ दिवसांनी त्याच पंपाने कपाशीवर तुडतुड्यांचे औषध मारले. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तर दोन एकर कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, शेंडे वाकडे. कपाशीला टू-फोर-डीचा वाससुद्धा पुरतो. ते प्लास्टिकच्या नळीत आणि वायसरमध्ये मुरून राहते. आबांनी आम्हांला शब्दाने दुखवले नाही. चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही धुवायला सांगितले, कसे धुवायचे ते सांगितले नाही." त्या हंगामात त्या घरात एका मुलीचे लग्न पुढे ढकलले गेले. आम्ही त्या मांडवात दोन वर्षांनी जेवलो.

कसे धुवायचे ते आता ऐका. खरे तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, लाल रंगाचा पट्टा मारून. तेवढे जमत नसेल तर गावात दोन-चार घरांत मिळून एक ठेवा. अगदीच इलाज नसेल तर तीनदा साध्या पाण्याने धुवा, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून थोडे नळीतून जाऊ द्या आणि रात्रभर तसेच ठेवा, सकाळी पुन्हा तीनदा धुवा. तोटी आणि गाळणी काढून वेगळी धुवा. धुतलेले पाणी विहिरीजवळ नको, नाल्यात नको. आणि टू-फोर-डीनंतर एवढे करूनही तो पंप कपाशीत नेण्याची हिंमत आम्ही स्वतः करणार नाही.

रोजचे काम थोडे आहे पण ते चुकवतो कोण? आपण सगळे. संध्याकाळी पाय दुखत असतात, पंप तसाच गोठ्यात. उरलेले औषध सुकते, रबरी पडदा कडक होतो, मोटार अडते. रोज शेवटी दोन लिटर स्वच्छ पाणी भरून ते पूर्ण फवारून टाका, एवढे केले तरी पंपाचे आयुष्य वाढते. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचे पाणी गढूळ येते, ते फडक्याने गाळून घाला. टाकीच्या तोंडाची गाळणी फुटली म्हणून काढून फेकलेले पंप आम्ही किती पाहिले त्याची मोजदाद नाही. बॅटरी रिकामी ठेवू नका. शिशाची बॅटरी हंगामानंतर चार महिने उतरलेली राहिली की ती पुन्हा पूर्ण भरत नाही. महिन्यातून एकदा चार्ज करा. पेट्रोलच्या दोन-स्ट्रोक पंपाला तेल मापाने मिसळा, डोळ्यांनी नको. एचटीपी असेल तर तेलाची पातळी पाहा, पट्टा पाहा आणि तो कोरडा चालवू नका.

आणि गळती. पंपातली सर्वांत महाग दुरुस्ती ही आहे आणि ती दोन रुपयांच्या वायसरची आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी टाकीत साधे पाणी भरा, झाकण लावा, पंप पाठीवर घ्या आणि दहा मिनिटे वाकून-उठून चाला. मग सदरा काढून पाहा. पाठ ओली असेल तर तो पंप रानात न्यायचा नाही. विष तोंडातून जाते असे आपण समजतो. फवारणाऱ्याच्या अंगात ते बहुतेक कातडीतून जाते, पाठीतून, मांडीतून, घामाने ओल्या झालेल्या मानेतून.

वारा पाठीशी किंवा बाजूने ठेवा. उंच कपाशीत नळी पुढे धरून धुक्यात शिरू नका. बाजूला फवारत कोरड्या ओळीकडे सरका. भर उन्हात नको. मळमळ, तोंडाला पाणी सुटणे, दरदरून घाम, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, यातले काही दिसले की कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. बाटली बरोबर हवीच. डॉक्टरला कोणते औषध ते कळले तर उतारा लवकर सुरू होतो.

एक गोष्ट कटू आहे. मालक पंप विकत घेतो आणि फवारतो मात्र सालदार किंवा रोजंदारीवरचा भाऊ. तोटी बदलायची का हे ठरवणारा एक आणि पाठ ओली होणारा दुसरा. म्हणून तोटी बदलत नाही. आम्ही गावोगाव सांगतो, पंपाची चाचणी मालकाने स्वतःच्या पाठीवर करावी. काही ठिकाणी लोकांना हे आवडत नाही. नाना समोर बसले आहेत, त्यांनाही पहिल्यांदा आवडले नव्हते. मग त्यांनी केली, आणि त्याच संध्याकाळी वायसर आणायला मालेगावला आले.

२०२४ साली सरकारने कापूस आणि सोयाबीनवाल्यांना बॅटरीचे पंप वाटले आणि पुढे त्यांच्या खरेदीच्या दरावरून प्रकरण न्यायालयात गेले. दराचा वाद बाजूला ठेवू. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या पंपाबरोबर दोन जादा तोट्या आणि एक मोजमापाचे भांडे किती जणांना मिळाले? हात वर करा. बघा, एकही नाही.

आता जेवणानंतर मागच्या मैदानात दोरीने एक गुंठा आखून ठेवला आहे. बादल्या, मापे आणि पाणी आहे. औषध आणू नका, ज्यांनी पंप आणले आहेत त्यांनी ते धुऊन घ्या. सहा पंप एकाच गुंठ्यावर चालवून प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहू. चुलीवर पिठले-भाकरी तयार आहे, जेवून लगेच या, उशीर केला तर वारा सुटेल.